रिव्हिजनचं बिल कोण भरणार? घरून ड्राफ्टिंग करणाऱ्या बडोद्याच्या एका वहिनींचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्यात मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि विवरणपत्रं बघतो. घरून काम करणारी माणसं माझ्याकडे बहुधा जुलैमध्ये येतात. बोलणं करावरून सुरू होतं आणि थोड्याच वेळात "दिवस पुरत नाही"वर येऊन थांबतं. हे प्रकरण त्यांतल्याच एका बाईंचं. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. गल्लीत त्यांना सगळे वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

वहिनी चाळिशीच्या. माहेर दांडिया बाजारातलं, सासर कारेलीबागेत. सयाजीराव विद्यापीठाच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि मग अलकापुरीत एका कन्सल्टंटकडे अकरा वर्षं ड्राफ्टिंग. २०१९ मध्ये सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. मुलगा तेव्हा दुसरीत, यजमान नंदेसरीच्या एका कारखान्यात शिफ्टला. वहिनींनी नोकरी सोडली, आणि महिन्याभरात त्याच साहेबांनी पहिलं काम घरी पाठवलं.

काम शॉप ड्रॉइंगचं. कन्सल्टंट शेडचं किंवा पाइप रॅकचं डिझाइन करतो. फॅब्रिकेटरला मात्र प्रत्येक कॉलम, बीम, ब्रेसिंग आणि गसेट प्लेट कापायला, भोकं पाडायला सुट्ट्या मापांसकट ड्रॉइंग लागतं. त्यात एका भोकाची जागा चुकली तर साइटवर बोल्ट बसत नाही, क्रेन भाड्याने उभी राहते आणि सगळे फोन ड्रॉइंग काढणाऱ्याला येतात. मकरपुरा जीआयडीसीत आणि हालोलच्या बाजूला फॅब्रिकेशनवाले भरपूर, त्यामुळे हात साफ असलेल्या माणसाला कामाचा तोटा नाही. दर शीटमागे ठरतो.

वहिनींची गिऱ्हाइकं तीन प्रकारची होती. जुने साहेब, ज्यांच्याकडून दोन तृतीयांश उत्पन्न येई. मकरपुऱ्याचा एक फॅब्रिकेटर. आणि अधूनमधून येणारे आर्किटेक्ट, ज्यांचं काम छोटं आणि बोलणं मोठं.

समस्या

२०२४ चा ऑगस्ट संपता संपता विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. वहिनींचं घर पहिल्या मजल्यावर असल्याने कॉम्प्युटर वाचला. वीज मात्र तीन दिवस नव्हती आणि इन्व्हर्टरने पहिल्याच रात्री मान टाकली. ड्रॉइंगची वाट पाहणारा फॅब्रिकेटर हालोलचा, तिकडे पूर नव्हता. साहेबांचा मेसेज आला: "बेन, पार्टी राह जुए छे." (पार्टी वाट बघतेय.) वहिनींनी मोबाइलच्या उरल्यासुरल्या चार्जिंगवर माफी मागितली. नदी दारात आल्याची माफी!

ते आवरतं न आवरतं तोच ७ सप्टेंबरला गणपती बसले, पाठोपाठ गौरी. पूजेच्या दिवशी एकीकडे पुरणाचा घाट, दुसरीकडे एका पाइप रॅकची चौथी रिव्हिजन. रात्री सवाष्णी गेल्यावर त्या दीड वाजेपर्यंत कॉम्प्युटरपुढे बसल्या, आणि त्यात एका ब्रॅकेटचा क्रमांक दोनदा पडला. चूक फॅब्रिकेटरने वेळेत पकडली, नुकसान झालं नाही. पण वहिनी हादरल्या. विसर्जनानंतर माझ्याकडे आल्या त्या कराचं विचारायला नव्हे. "भाऊ, नोकरीच धरू का परत?"

तोवर त्यांनी करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. पहाटे पाचला उठणं, फ्रिजवर वेळापत्रक, मोबाइलमध्ये कामांच्या यादीचं अ‍ॅप. घरून काम करणाऱ्याला जो तो हेच सांगतो, की शिस्त लाव. वहिनींइतकी शिस्तीची बाई मी कमी पाहिली आहे. शिस्तीने सुटणारं दुखणं असतं तर ते केव्हाच सुटलं असतं.

महिन्याला साधारण पंचेचाळीस-पन्नास हजारांची बिलं जात होती. हातात त्यामानाने फार कमी पडत होतं. माझ्याकडच्या कागदांवरून येणी काढली तर ती दोन लाखांच्या वर गेली, आणि त्यांतली सर्वांत जुनी मार्चची.

नोंदीत काय दिसलं

वेळापत्रक बाजूला ठेवून दोन आठवडे नुसती नोंद करायची असं ठरलं. किती वेळ, कोणत्या गिऱ्हाइकाचं, आणि तीनांतलं काय: नवीन ड्रॉइंग, रिव्हिजन, की विचारणा आणि वाट पाहणं. रिव्हिजनच्या पुढे आणखी एक खूण, ती माझ्या आग्रहाने. चूक माझी, की बदल डिझाइनचा?

नोंद आली ९६ तासांची. नवीन ड्रॉइंगचे ५०, रिव्हिजनचे २७, विचारणा-वाट पाहण्याचे १९. रिव्हिजनच्या २७ पैकी वहिनींच्या चुकांचे जेमतेम सहा. उरलेले २१ तास म्हणजे वरून बदललेलं डिझाइन, सरकवलेला कॉलम, ऐन वेळी जाड झालेली प्लेट. ह्या २१ तासांचे पैसे कोणीच देत नव्हतं, कारण दर शीटचा होता आणि शीट तर तेच. "नानो सुधारो छे, बेन" (छोटीशी दुरुस्ती आहे) म्हणून व्हॉइस मेसेज यायचा, सोबत पेनाने गोल केलेल्या प्रिंटचा तिरपा फोटो.

दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटली. साहेब दिवसभर साइटवर असत आणि संध्याकाळी सातनंतर सूचना पाठवत. दुपारी अकरा ते चार, म्हणजे सासूबाई झोपलेल्या, मुलगा शाळेत आणि घर शांत, तेव्हा वहिनी खुलाशाची वाट पाहत बसलेल्या. आणि कुकर, गृहपाठ, आरती ह्यांच्या वेळेला काम येऊन उभं. घर कामात लुडबुड करतं अशी त्यांची समजूत होती. नोंद सांगत होती की लुडबुड मुख्यतः काम करतं आहे.

घर अगदीच निर्दोष नव्हतं म्हणा. पूर्ण बिल्डिंगचे कुरियर वहिनी घेत, कारण "तुम्ही घरीच असता ना." गॅसचा सिलेंडर, शेजारणीच्या घराची किल्ली, पाण्याच्या टँकरची सही, सगळं त्यांच्याकडे. टेबल हॉलमध्ये दारासमोर, म्हणजे आल्यागेल्याशी पहिलं बोलणं त्यांचंच. आणि यजमानांची नाइट असली की दिवसा फोनवर मोठ्याने बोलायची चोरी.

कोणते मार्ग समोर होते

नोकरीचा मार्ग आम्ही सहज बाजूला टाकला नाही. अकरा वर्षांचा अनुभव, वर पाच वर्षांचं स्वतंत्र काम. कोणीही घेतलं असतं. पगार ठरलेला, पीएफ, आणि रिव्हिजन कितीही आल्या तरी सहाला घरी. अडचण सासूबाईंच्या औषधांची आणि फिजिओथेरपीची, पण तीही सोडवता आली असती. शेवटी वहिनीच म्हणाल्या, की नोकरीत गेले तरी साहेब असेच असतील, फक्त माझ्या जागी फुकट जागणारी दुसरी कोणी शोधतील. हे उत्तर मला भावनेचं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

अलकापुरीत भाड्याचं टेबल घेणं हा दुसरा मार्ग. महिन्याला पाच-सहा हजार, दोन मोठे मॉनिटर वाहून नेणं आणि दुपारी जेवायला परत. नोंद पाहिल्यावर ह्यात राम राहिला नाही, कारण सातनंतरचा मेसेज अलकापुरीतही सातनंतरच आला असता.

हाताखाली एखादी डिप्लोमावाली मुलगी घ्यावी, हेही सुचवून पाहिलं. त्या दरात दोघींचं भागत नव्हतं आणि तपासणी पुन्हा वहिनींच्याच गळ्यात.

मग खरा प्रश्न उरला तो साहेबांचा. दोन तृतीयांश उत्पन्न ज्याच्याकडून, त्रासही त्याच्याकडूनच सर्वाधिक. यजमानांचं मत स्पष्ट होतं, सोडून द्या. मला ते पटलं नाही. गिऱ्हाईक वाईट आहे की अटीच नाहीत, हे अटी घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. साहेबांना आजवर कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. आणि दोन लाखांची येणी ज्यांच्याकडे, त्यांच्याशी एकदम तोडणं म्हणजे वसुलीवर पाणी सोडणं.

काय केलं

नवरात्रीच्या तोंडावर वहिनींनी तिन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांना एक पानाचं पत्र पाठवलं. भाषा गुजराती, साधी, तक्रारीचा सूर कुठेही नाही. इनपुट मेलवरच घेईन. फोनवर बदल सांगितला तर त्याच दिवशी "असं ठरलं" अशी दोन ओळींची मेल मी पाठवीन आणि तीच धरली जाईल. माझ्या चुकीची दुरुस्ती कायम फुकट. मंजूर झालेल्या ड्रॉइंगमध्ये डिझाइन बदललं तर ताशी दर. फोन दुपारी चार ते पाच. बिल महिनाअखेर, पैसे तीस दिवसांत. आधी पीडीएफ मिळेल, डीडब्ल्यूजी म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल पैसे आल्यावर.

शेवटची अट मी सुचवलेली नव्हती, ती वहिनींची. फॅब्रिकेटर पीडीएफवर काम करू शकतो. पण पुढच्या कामात तेच डिटेल उचलून वापरायचं तर कन्सल्टंटला डीडब्ल्यूजीच लागते. म्हणजे काम अडत नाही, फक्त किल्ली वहिनींकडे राहते. धंद्यात मुरलेल्या माणसालाच असं सुचतं.

ॲडव्हान्सची अट पत्रात घालावी की नाही ह्यावर बरीच चर्चा झाली. जुन्या गिऱ्हाइकांना एकाच पानात सगळंच सांगितलं तर पान वाचलंच जाणार नाही, म्हणून ती फक्त नव्यांसाठी ठेवली.

येण्यांच्या बाबतीत एक गोष्ट हाताशी लागली. टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारला भरायचा कर, पैसे देताना किंवा बिल खात्यात नोंदताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. साहेबांच्या अकाउंटंटने मार्चची बिलं नोंदून त्यांवरचा दहा टक्के कर भरूनही टाकला होता, आणि तो वहिनींच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसत होता. म्हणजे "बिल अजून तपासायचं आहे" हे म्हणणं टिकणारं नव्हतं. वहिनींनी भांडण केलं नाही. त्या पानाची प्रत अकाउंटंटला पाठवली आणि एवढंच लिहिलं, की ह्यावरचा कर मला दिसतो आहे, रक्कम दिसत नाही. दिवाळीच्या आत सव्वा लाख आले.

त्याच सुमारास उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. ती फुकट असते, आधार आणि पॅनवर होते. कोणी हजार-दोन हजार मागितले तर ते देऊ नयेत. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याने नोंदलेल्या सूक्ष्म आणि लघु सेवा देणाऱ्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. आयकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाने २०२३-२४ पासून त्याला दातही आले: मुदत उलटून गेलेलं असं देणं ३१ मार्चला बाकी असेल, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पण ह्या दातांची धार वर्षअखेरीसच असते. उशिरा का होईना, पैसे ३१ मार्चच्या आत दिले की खर्च वजा मिळतो, म्हणून सप्टेंबरात हे कलम दाखवून कोणी घाबरत नाही. आणि जो हिशेब रोख पद्धतीने ठेवतो त्याला त्याची फिकीरच नसते. नोंदणीआधीच्या बिलांना ह्या कायद्याचा आधार मिळेल असं धरून चालू नये, म्हणून मार्चच्या बिलांसाठी २६एएसचीच वाट धरली.

घरातलं काम ह्यापेक्षा अवघड निघालं. टेबल हॉलमधून मागच्या खोलीत नेलं आणि दहा ते एक दार लावायचं ठरलं. सासूबाईंना ते रुचलं नाही. "दार लावून बसलीस तर आलेला माणूस काय म्हणेल?" वहिनींनी वाद घातला नाही. दुपारचा चहा मात्र रोज सासूबाईंबरोबर, गॅलरीत, मोबाइल आत ठेवून घ्यायला लागल्या. पंधरा-वीस दिवसांनी एक कुरियरवाला आला तर सासूबाईंनी त्याला दारातच सांगितलं, "ती कामावर गेलीये, एक वाजता येईल." मागच्या खोलीतून वहिनींना ते ऐकू आलं. बिल्डिंगचे कुरियर तेव्हापासून वॉचमनकडे जातात.

मधला कठीण काळ

पत्र गेल्यावर मकरपुऱ्याच्या फॅब्रिकेटरने फोन करून "बराबर छे" म्हटलं. एका आर्किटेक्टने काम देणं बंद केलं, त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. साहेब मात्र गप्प. उत्तर नाही आणि कामही नाही.

नवरात्र आलं. बडोद्यात त्या नऊ रात्री कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून सुरुवातीला शांतता खपून गेली. दसरा झाला तरी काही नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा वहिनींचा महिना अर्ध्यावर आला. मुलाच्या क्लासची फी भरायची होती. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, की ताशी दराची अट निदान साहेबांपुरती काढू का?

ह्या प्रकरणातला कळीचा क्षण कोणता असं कोणी विचारलं तर मी हा सांगेन, पत्र पाठवलं तो नव्हे. पत्र पाठवताना माणूस उत्साहात असतो. अट त्या वेळी काढली असती तर पुन्हा घालायची सोय उरली नसती. पण थांबा म्हणणं मला सोपं होतं, फी मला भरायची नव्हती. म्हणून घरखर्चाचा कागद काढला. येण्यांतून आलेल्या पैशांवर आणि यजमानांच्या दिवाळी बोनसवर डिसेंबरअखेरपर्यंत निभाव लागत होता. गुजरातेत दिवाळी ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) बाजार बंदच असतो, तेव्हा तोपर्यंत काहीच बदलायचं नाही असं ठरलं. यजमान, जे आधी साहेबांना सोडा म्हणत होते, तेच आता नरम पडले होते. टिकून राहिल्या त्या वहिनी.

लाभपाचमीनंतरच्या आठवड्यात साहेबांच्या ऑफिसातून मेल आली. मेलच आली, व्हॉइस मेसेज नव्हे. तीस शीटचं काम होतं आणि अटींविषयी चकार शब्द नव्हता. पुढे कळलं, की मधल्या काळात त्यांनी दुसरीकडे काम देऊन पाहिलं होतं आणि साइटवर बरीच भोकं पुन्हा पाडावी लागली होती.

निष्पत्ती

मार्च २०२५ पर्यंतचं चित्र असं. महिन्याची बिलं पूर्वीइतकीच झाली, तास साधारण एक चतुर्थांशाने घटले. साहेबांचा वाटा दोन तृतीयांशावरून निम्म्याच्या खाली आला, कारण मकरपुऱ्याच्या फॅब्रिकेटरने आणखी एकाशी गाठ घालून दिली. ताशी दराची रिव्हिजन-बिलं फारशी निघालीच नाहीत. पैसे लागणार म्हटल्यावर डिझाइन आधीच नीट ठरून येऊ लागलं.

सगळं जमलं असं नाही. मार्चच्या जुन्या बिलांतले ३८ हजार अजून अडकले आहेत. साहेबांच्या मते ते काम "पॅकेजमध्ये" होतं. चार ते पाचची फोनची वेळ तिघांपैकी एकच पाळतो. यजमानांच्या नाइटच्या आठवड्यावर काही उपाय सापडलेला नाही. त्या आठवड्यात फोन गच्चीवर जाऊन घ्यावे लागतात आणि मे महिन्यात बडोद्याची गच्ची काय असते ते सांगायला नको. पुढच्या पुरासाठी एक चांगला लॅपटॉप घेतला आणि फाइल्स रोज रात्री क्लाउडवर जातात. मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं, कारण वीज गेली तर लॅपटॉप घेऊन माहेरी दांडिया बाजारात जाता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

पत्राची वेळ. नवरात्रीच्या तोंडावर अटी पाठवल्या, म्हणजे ज्या दिवसांत गिऱ्हाइकाला घाई कमी त्याच दिवसांत. हेच पत्र फेब्रुवारीत गेलं असतं, जेव्हा प्रत्येकाला मार्चअखेरच्या आत काम बिलात घ्यायचं असतं, तर महिनाभराची शांतता बहुधा वाट्याला आली नसती. उलट बाजू अशी, की गौरीच्या रात्रीनंतर वहिनींमध्ये पाच महिने तसंच ढकलण्याची ताकद नव्हती. उशिराच्या योग्य वेळेपेक्षा त्यांनी लगेचची बरी वेळ निवडली, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

पत्राआधी साहेबांना एकदा समक्ष भेटायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. अकरा वर्षं ज्यांच्याकडे काम केलं त्यांना इतरांसारखंच पान पाठवणं त्यांना लागलं असणार. वहिनींना हे मान्य नाही. समोर बसले असते तर मी हो म्हणून उठले असते, असं त्या म्हणतात.

उद्यम नोंदणी २०२० च्या जुलैनंतर केव्हाही होऊ शकली असती. पोर्टल १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती वेळेत असती तर ते ३८ हजार मागायला एमएसएमईच्या समाधान पोर्टलची वाट मोकळी होती.

सध्या त्यांच्यापुढे एक नवा प्रस्ताव आहे. ओळखीतून ह्युस्टनच्या स्टील डिटेलिंगचं काम चालून आलं आहे, दर इथल्यापेक्षा बराच वरचा. पण तिथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ. वहिनींनी नकार दिलेला नाही. मीटिंग आठवड्यातून एकच, बाकी सगळं मेलवर आणि माझ्या दिवसात, असं कळवलं आहे. उत्तर यायचं आहे.